बाहेरचं ग्राफिक्स कार्ड आणि कलर ग्रेडिंग: वेग नेमका कुठे वाढतो?

दाविंची रिझॉल्व्ह या कलर ग्रेडिंगच्या, म्हणजे व्हिडिओचे रंग आणि उजेड जुळवण्याच्या, सॉफ्टवेअरमध्ये क्लिप चालवली की व्ह्यूअरच्या वर एक छोटा ठिपका आणि त्याच्या शेजारी एक आकडा दिसतो. ठिपका हिरवा असेल तर क्लिप पूर्ण वेगाने चालते आहे, सेकंदाला २४ किंवा २५ फ्रेम्स. तो लाल झाला आणि आकडा ११, ७, ४ असा घसरायला लागला की ग्रेडिंग जवळपास थांबतंच. शॉटमधली हालचाल नीट कळत नाही, चेहऱ्यावर लावलेली विंडो (बदल ठरावीक भागापुरता ठेवणारा आकार) चेहऱ्याबरोबर सरकते आहे की मागे राहते आहे ते दिसत नाही, आणि शेजारी दिग्दर्शक बसलेला असेल तर प्रत्येक बदलानंतर वाट बघताना सगळ्यांचंच लक्ष उडतं. लॅपटॉपवर काम करणाऱ्या कलरिस्टच्या मनात अशा वेळी एकच विचार येतो: बाहेरून एखादं दणकट ग्राफिक्स कार्ड जोडलं तर?

जोडता येतं. वीजपुरवठा आणि पंखे असलेलं एक एन्क्लोजर घ्यायचं, त्यात डेस्कटॉपचं कार्ड बसवायचं आणि थंडरबोल्टच्या एका केबलने ते लॅपटॉपला जोडायचं. यालाच ईजीपीयू म्हणतात. काही कामांत त्याने पडणारा फरक डोळ्यांत भरतो, काही कामांत आकडा तसूभरही हलत नाही. बहुतेक लोक आधी कार्ड किती ताकदीचं आहे ते बघतात. माझ्या मते तो प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा: प्रत्येक फ्रेमसाठी त्या केबलमधून किती डेटा जाणार, आणि पलीकडे पोचल्यावर त्या फ्रेमवर किती काम होणार?

ग्रेडिंगला ग्राफिक्स कार्डच का लागतं

यूएचडी, म्हणजे ३८४० बाय २१६०च्या एका फ्रेममध्ये सुमारे ८३ लाख पिक्सेल असतात. तुम्ही गॅमाचं चाक जरासं फिरवलंत की त्या प्रत्येक पिक्सेलच्या लाल, हिरव्या आणि निळ्या आकड्यावर तेच गणित करायचं असतं. एका पिक्सेलचं उत्तर दुसऱ्यावर अवलंबून नसतं, त्यामुळे सगळी गणितं एकदम करता येतात. प्रोसेसरमध्ये आठ-सोळा कोअर असतात. मोठ्या ग्राफिक्स कार्डात अशी सोपी गणितं करणारे हजारो असतात. शिवाय रिझॉल्व्ह हे गणित ३२-बिट फ्लोटिंग पॉइंटमध्ये करतो, म्हणून एका नोडमध्ये, म्हणजे ग्रेडच्या एका पायरीत, पार उडून गेलेले हायलाइट्स (चित्राचे उजळ भाग) पुढच्या नोडमध्ये पुन्हा खाली आणता येतात. ही सोय फार मोलाची आहे, पण त्यामुळे आकड्यांचं ओझंही वाढतं.

सेकंदाला २४ फ्रेम्स धरल्या तर एका फ्रेमच्या वाट्याला ४१.७ मिलिसेकंद येतात. फाइल डिस्कवरून वाचायची, ती डिकोड करायची म्हणजे उलगडून पूर्ण फ्रेम काढायची, फ्रेम कार्डाच्या मेमरीत पोचवायची, नोड्सचं गणित करायचं, निकाल परत आणायचा. हे सगळे टप्पे वेगवेगळ्या फ्रेम्सवर एकाच वेळी चालू असतात. पाचवी फ्रेम कार्डावर असते तेव्हा सहावी वाटेत असते आणि सातवी डिकोड होत असते. त्यामुळे सगळ्या टप्प्यांची बेरीज ४१.७च्या आत बसायची गरज नाही, प्रत्येक टप्पा वेगळा त्यात बसला की पुरतं. पण सगळी रांग चालते ती सगळ्यांत हळू टप्प्याच्या वेगाने, आणि ईजीपीयू जोडला की या रांगेत एक टप्पा आधीपेक्षा हळू होतो.

केबलमधून जाणारा माल

डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर कार्ड सहसा पीसीआय एक्सप्रेसच्या सोळा लेनवर (डेटा नेणाऱ्या समांतर वाटांवर) बसतं. चौथ्या पिढीच्या सोळा लेनमधून एका दिशेने सेकंदाला सुमारे ३१ जीबी जाऊ शकतात. थंडरबोल्ट ३, जो २०१५ साली आला, कागदावर ४० गिगाबिटचा आहे. पण त्यातला पीसीआय एक्सप्रेसचा वाटा तिसऱ्या पिढीच्या चार लेनएवढाच, आणि हातात पडतात सेकंदाला साधारण अडीच जीबी. २०२०चा थंडरबोल्ट ४ वेगाला तोच, फक्त त्यात पीसीआय एक्सप्रेससाठी ३२ गिगाबिटची सोय असणं सक्तीचं केलं आहे. म्हणजे कार्ड तेच, पण त्याच्याकडे जाणारी वाट एकदशांश किंवा त्याहूनही अरुंद. कारखाना कितीही मोठा असला तरी तिथे जायला एकच अरुंद पूल असेल तर कच्चा माल त्या पुलाच्याच वेगाने पोचणार.

आता एका फ्रेमचा हिशेब मांडू. यूएचडी फ्रेम दर पिक्सेलला चार बाइट्स अशी दाबून बसवली, जशी १०-बिट डीपीएक्समध्ये (प्रत्येक फ्रेमची वेगळी फाइल ठेवणाऱ्या प्रकारात) असते, तर ती ३३ एमबी होते. अडीच जीबीच्या वाटेने तिला पलीकडे जायला १३ मिलिसेकंद लागतात. ४१.७मध्ये हे आरामात बसतं. तीच फ्रेम लाल-हिरवा-निळा अशा तीन चॅनेलमध्ये १६-बिटची असेल तर ५० एमबी आणि २० मिलिसेकंद. हेही चालेल. पण कुठल्याही कारणाने चार चॅनेलची पूर्ण ३२-बिट फ्रेम पाठवायची वेळ आली तर ती १३३ एमबी भरते आणि ५३ मिलिसेकंद घेते. आता नुसत्या ने-आणीतच २४ फ्रेम्सचा वेग हुकला, पलीकडचं कार्ड जगातलं सगळ्यांत वेगवान असलं तरी. ८केमध्ये हे सगळे आकडे चौपट करा: दाबून बसवलेली १०-बिट फ्रेमसुद्धा ५३ मिलिसेकंदांवर जाते. उलट एचडीमध्ये ते पाव होतात आणि केबलची चिंताच उरत नाही.

परतीचा प्रवास आहेच. केबल दोन्ही दिशांना एकाच वेळी डेटा नेते, त्यामुळे जाणाऱ्या आणि येणाऱ्या फ्रेम्स एकमेकींची वाट थेट अडवत नाहीत. तरी लॅपटॉपच्या स्वतःच्या पडद्यावर चित्र बघत असाल तर तेही त्याच केबलने परत यावं लागतं. इंटरफेसचा मॉनिटर थेट बाहेरच्या कार्डाला जोडला तर तेवढं ओझं उतरतं.

इथेच गेम खेळणारे आणि ग्रेडिंग करणारे यांच्या गरजा वेगळ्या होतात. गेममध्ये प्रोसेसर आणि कार्ड यांच्यात सतत छोट्या-छोट्या निरोपांची देवाणघेवाण चालते आणि प्रत्येक निरोपाला थोडा उशीर झाला तरी खेळ अडखळतो. ग्रेडिंगमध्ये पुढच्या फ्रेम्स कोणत्या ते आधीच माहीत असतं, त्या रांगेने आधीच पाठवता येतात. म्हणून गेमच्या चाचण्या बघून ईजीपीयू बाद ठरवू नये. त्या चाचण्या आपल्या कामाबद्दल फारसं सांगत नाहीत.

समजा, तुमच्या लॅपटॉपच्या छोट्या कार्डाला टेम्पोरल नॉइज रिडक्शन लावलेल्या एका फ्रेमसाठी २०० मिलिसेकंद लागतात. म्हणजे सेकंदाला ५ फ्रेम्स. बाहेरचं मोठं कार्ड तेच काम ३० मिलिसेकंदांत करतं असं धरा. ने-आणीचे २० मिलिसेकंद त्या ३०च्या आडोशाला उरकतात आणि ठिपका हिरवा होतो. टेम्पोरल नॉइज रिडक्शन पुढच्या-मागच्या फ्रेम्स ताडून बघतं, हालचालीचा अंदाज घेतं, मग नॉइज, म्हणजे चित्रातले नको असलेले रवाळ ठिपके, कोणते आणि तपशील कोणता ते ठरवतं. एकदा कार्डाच्या मेमरीत पोचलेल्या फ्रेमवर इतकं काम होत असेल तर अरुंद वाटेचं दुःख उरत नाही. ऑप्टिकल फ्लोने केलेला स्लो मोशन, मॅजिक मास्क, सुपर स्केल, फिल्म ग्रेन आणि ग्लो यांची थरावर थर चढवलेली साखळी, ही सगळी याच जातीची कामं.

आता उलटं उदाहरण. दोन प्रायमरी नोड, एक एलयूटी (रंग बदलायचा तयार तक्ता), एक विंडो. एवढं काम लॅपटॉपचं कार्ड समजा १० मिलिसेकंदांत करतं. बाहेरच्या कार्डाने ते २ मिलिसेकंदांत केलं, तरी फ्रेम तिथे न्यायलाच १३ ते २० मिलिसेकंद लागले. काम जिंकलं, वाटेत हरलं. असा हलका ग्रेड लाल ठिपक्याने चालत असेल तर दोष बहुतेक वेळा ग्राफिक्स कार्डाचा नसतोच.

डिकोडिंग कुठे होतं ते आधी शोधा

लोक इथे सगळ्यांत जास्त फसतात, म्हणून जरा थांबून सांगतो.

छोट्या मिररलेस कॅमेऱ्यातलं एच.२६५ फुटेज फाइल म्हणून लहान असतं, पण उलगडायला भारी. त्यात बहुतेक फ्रेम्स पूर्ण नसतात, आधीच्या किंवा नंतरच्या फ्रेमपेक्षा काय बदललं एवढंच लिहिलेलं असतं. हे उलगडायला चिपमध्ये वेगळा डिकोडर असतो आणि त्याला ठरावीकच प्रकार समजतात. एनव्हिडियाच्या आरटीएक्स ५० मालिकेच्या आधीच्या कार्डांना ४:२:२ १०-बिट (रंगाची माहिती जास्त साठवणारं) एच.२६५ हार्डवेअरमध्ये डिकोड करता येत नाही. इंटेलच्या प्रोसेसरमधल्या क्विक सिंकला अकराव्या पिढीपासून येतं. म्हणजे असं फुटेज असताना तुम्ही आरटीएक्स ३० किंवा ४० मालिकेचं दणकट कार्ड बाहेरून जोडलंत, तर डिकोडिंग लॅपटॉपमध्येच होणार, आणि उलगडून फुगलेल्या पूर्ण फ्रेम्स केबलमधून जाणार. क्लिप मुळात डिकोडिंगमुळे अडकत असेल तर ती तशीच अडकत राहील.

कार्डाला तो प्रकार समजत असेल तर मात्र चित्रच बदलतं. मग केबलमधून जाते ती मूळची दाबलेली फाइल, सेकंदाला काही एमबी, आणि फ्रेम उलगडते थेट कार्डाच्या मेमरीत. ब्लॅकमॅजिक रॉ आणि रेडच्या आर३डी फाइल्सचंही तसंच. त्यांच्या डिकोडिंगचा मोठा भाग ग्राफिक्स कार्डावर करता येतो, त्यामुळे जड रॉ फुटेज असूनही केबलवरचा ताण हलका राहतो. ईजीपीयूसाठी याहून चांगली परिस्थिती नाही.

प्रोरेस आणि डीएनएक्सएचआर या एडिटिंगसाठीच्या प्रकारांच्या फाइल्स साधारण विंडोज मशीनवर प्रोसेसर उलगडतो आणि पूर्ण फ्रेम पलीकडे जाते. यूएचडीपर्यंत ठीक. डीपीएक्स आणि ईएक्सआर सीक्वेन्सचं (एकेका फ्रेमच्या फाइल्सच्या मालिकेचं) काम मुख्य असेल तर थंडरबोल्ट ३ किंवा ४वर ईजीपीयू घेऊ नये, असं मी स्पष्टच सांगेन. तिथे दाबलेलं असं फार काही नसतंच. फ्रेम जशी डिस्कवर तशीच भरभक्कम वाटेत. हे काम सोळा लेनच्या स्लॉटमधल्या कार्डाचं आणि वेगवान डिस्कचं.

मेमरी आणि एकाहून जास्त कार्डं

कार्डाची मेमरी कमी पडली तर रिझॉल्व्ह वेग कमी करून थांबत नाही, थेट जीपीयू मेमरी भरल्याचा निरोप दाखवतो आणि रेंडर अर्ध्यावर सोडतो. लॅपटॉपमध्ये ४ किंवा ६ जीबीचं कार्ड असेल तर यूएचडी टाइमलाइनवर नॉइज रिडक्शन आणि दोन-तीन जड इफेक्ट्स लावले की ही वेळ येऊ शकते. मोठ्या मेमरीचं बाहेरचं कार्ड इथे खरोखर सुटका करतं. वेगाच्या आकड्यांपेक्षा मला हा फायदा मोठा वाटतो, कारण हळू चालणारं रेंडर निदान रात्रभर लावून ठेवता येतं. मेमरीअभावी पडणारं रेंडर पुरंच होत नाही.

एक गैरसमज मात्र हमखास दिसतो. लॅपटॉपमधलं ६ जीबी आणि बाहेरचं १६ जीबी मिळून २२ जीबी होत नाहीत. दोन कार्डं वापरताना रिझॉल्व्ह फ्रेम्स वाटून देतो आणि प्रत्येक कार्डाला आपल्या फ्रेमचं पूर्ण काम स्वतःच्या मेमरीत करावं लागतं. ६ जीबीच्या कार्डाच्या वाट्याला आलेली फ्रेम ६ जीबीतच बसली पाहिजे. ताकदीत फार तफावत असेल तर छोटं कार्ड मोठ्याला मागेही खेचतं. म्हणून बाहेरचं कार्ड जोडल्यावर प्रेफरन्सेसमध्ये सिस्टीम, मग मेमरी अँड जीपीयू या पानावर जाऊन निवड ऑटोवरून मॅन्युअलवर आणा आणि आतल्या कार्डाची खूण काढून बघा. बऱ्याचदा एकटं मोठं कार्ड जोडीपेक्षा सुरळीत चालतं. तसंही विंडोजवर एकाहून जास्त कार्डं वापरायला रिझॉल्व्हची स्टुडिओ आवृत्ती लागते, आणि नॉइज रिडक्शनही तिच्यातच आहे. मोफत आवृत्ती वापरणाऱ्याने कार्डाआधी स्टुडिओचा विचार करावा.

एन्क्लोजर, केबल, पोर्ट

एन्क्लोजर घेताना तीन गोष्टी मोजून बघायच्या: कार्डाची लांबी-जाडी, वीजपुरवठ्याचे वॉट आणि कार्डाला लागणारे पॉवर कनेक्टर. आरटीएक्स ४०९० एकटंच ४५० वॉटपर्यंत ओढतं, आरटीएक्स ५०९० तर ५७५. त्याच एन्क्लोजरमधून लॅपटॉपही चार्ज होणार असेल तर ८५ ते १०० वॉट त्यात आणखी मिळवा. खरं तर एवढं मोठं कार्ड या वाटेवर बसवण्यात फारसा अर्थ नसतो. मधल्या श्रेणीचं, पण भरपूर मेमरीचं कार्ड ईजीपीयूला जास्त शोभतं.

केबलच्या बाबतीत दिसण्यावर जाऊ नका. यूएसबी-सीचं टोक असलेली प्रत्येक केबल थंडरबोल्टची नसते; फोनच्या चार्जरबरोबर आलेल्या केबलमधून कित्येकदा यूएसबी २चाच वेग जातो. टोकावर विजेची खूण आणि ३, ४ किंवा ५ हा आकडा असलेली केबल घ्या आणि ती लांब नको. थंडरबोल्ट ३च्या साध्या केबल्स अर्ध्या मीटरच्या पुढे गेल्या की सहसा पूर्ण वेग देत नाहीत. लांब हवी असेल तर ॲक्टिव्ह प्रकारची घ्यावी लागते.

एन्क्लोजर थेट लॅपटॉपच्या पोर्टात लावा, डॉकच्या मागे नको. फुटेजची थंडरबोल्ट एसएसडी त्याच साखळीत लटकवली तर फाइल वाचणं आणि फ्रेम पाठवणं एकाच अरुंद वाटेवर भांडायला लागतात. लॅपटॉपच्या दोन बाजूंचे पोर्ट वेगवेगळ्या कंट्रोलरवर असतील तर डिस्क एका बाजूला, कार्ड दुसऱ्या. रेफरन्स मॉनिटरसाठी (रंग अचूक दाखवणाऱ्या पडद्यासाठी) अल्ट्रास्टुडिओसारखं उपकरण वापरत असाल तर तेही शक्यतो डिस्कच्या बाजूला. आणि ते उपकरण वापराच. बाहेरचं कार्ड वेग देतं, रंगाची खात्री देत नाही. त्याच्या एचडीएमआयमधून निघालेलं चित्र ऑपरेटिंग सिस्टीमच्या रंगव्यवस्थेतून जातं आणि त्यावर शेवटचा निर्णय घेणं धोक्याचं.

रिझॉल्व्ह चालू असताना केबल काढू नका. प्रोग्राम कोसळतो, आणि न साठवलेलं काम जाऊ शकतं.

थंडरबोल्ट ५ची घोषणा २०२३मध्ये झाली. त्यात पीसीआय एक्सप्रेसचा वाटा दुपटीने वाढून ६४ गिगाबिट झाला आहे. वर मांडलेले मिलिसेकंद तिथे साधारण निम्म्यावर येतात, पण त्यासाठी लॅपटॉप, एन्क्लोजर आणि केबल तिन्ही त्याच पिढीचे हवेत. छोट्या पीसींवर दिसणारा ऑक्युलिंकही चौथ्या पिढीच्या चार लेनचा, म्हणजे ६४ गिगाबिटचाच. त्यातून चार्जिंग होत नाही आणि चालू मशीनला जोडण्या-काढण्याची सोयही नसते, पण एका जागी ठेवायच्या मशीनला तो उत्तम.

मॅकवाल्यांसाठी

ॲपलने मार्च २०१८मध्ये हाय सिएराच्या १०.१३.४ आवृत्तीत ईजीपीयूला अधिकृत पाठबळ दिलं, तेही एएमडीच्या कार्डांपुरतं. त्याच वर्षी ब्लॅकमॅजिकने रेडिऑन प्रो ५८०चं बंदिस्त युनिट काढलं. मग २०२०मध्ये एम१ आला आणि तिथे वाट बंद झाली: ॲपल सिलिकॉनच्या मॅकवर रिझॉल्व्हसाठी बाहेरचं कार्ड चालत नाही, केबल कितीही चांगली असली तरी. इंटेल मॅक अजून कामात असेल तर जुनं एन्क्लोजर आणि एएमडीचं कार्ड त्याचं आयुष्य वाढवू शकतं. नव्या मॅकमध्ये मात्र जीपीयू कोअर आणि मेमरी घेतानाच ठरवाव्या लागतात.

घेण्याआधीची चाचणी

तुमच्या नेहमीच्या कामातला सगळ्यात त्रासदायक शॉट टाइमलाइनवर घ्या. आधी सगळा ग्रेड बंद करून चालवा. ठिपका इथेच लाल होत असेल तर अडचण डिस्कची किंवा डिकोडिंगची आहे. त्याच क्लिपची प्रॉक्सी, म्हणजे हलकी प्रत, बनवून चालवली आणि आकडा २४वर गेला, तर प्रॉक्सी वापरा. कार्डाची गरज नाही. बिनग्रेडची क्लिप नीट चालत असेल तर ग्रेड चालू करा, आकडा लिहून ठेवा आणि टाइमलाइनचं रिझोल्यूशन यूएचडीवरून एचडीवर आणा. पिक्सेल पाव झाल्यावर आकडा झपकन वर गेला, तर खरी अडचण कार्डाच्या ताकदीची. मग नॉइज रिडक्शनचा नोड तेवढा बंद करून बघा. सगळं ओझं त्या एकाच नोडचं निघालं, तर तो साखळीच्या सुरुवातीला घेऊन नोड कॅश (त्या नोडचा निकाल साठवून ठेवण्याची सोय) चालू केल्यानेही पुष्कळ काम भागतं.

एवढं करूनही ठिपका लालच राहत असेल तर कुणाकडून तरी एन्क्लोजर आणून तोच शॉट दोन्ही कार्डांवर रेंडर करा आणि घड्याळ लावा. त्याआधी प्लेबॅक मेनूमधून रेंडर कॅश बंद करून जुनी कॅश पुसून टाका, आणि डिलिव्हर पानावर कॅश केलेल्या प्रतिमा वापरायची खूण काढा. नाहीतर दुसऱ्या वेळी मोजला जाईल तो डिस्कवर आधीच तयार असलेल्या फ्रेम्स वाचण्याचा वेग.